पडायची सवय

नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात गुरुशांत कलशेट्टी अकरा वर्षं गादीवर बसत होता, आणि या अकरा वर्षांत त्याच्या हातून साडीचा एकही गठ्ठा खाली पडलेला नव्हता. ही काही फुशारकी नाही. नवी पेठेत जाऊन बघा, जुन्या दुकानांत निम्मा माल माळ्यावर असतो. खाली गिऱ्हाईक बाई म्हणते, "मोरपंखी दाखवा, पण काठ बारीक पाहिजे," की गादीवरचा सेल्समन वर न बघताच ओरडतो आणि माळ्यावरचा माणूस गठ्ठा सोडून देतो. माळ्यावर तिप्पण्णा होता. वय पंचावन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पण नेम असा की पाच बायकांच्या डोक्यांमधून वाट काढून गठ्ठा बरोबर गुरुशांतकडेच यायचा. गुरुशांत बाईशी गोड बोलता बोलता एक हात वर करायचा आणि झेलायचा. बाईला वाटायचं यात काय विशेष!

विशेष आहे हे कळायला शहाजी सर यावे लागले. गेल्या श्रावणात ते बायकोबरोबर दुकानात आले. सर मूळचे अकलूजचे, इथे एका शाळेत पी.टी. शिकवायचे. बायको साड्या बघत होती आणि सर गुरुशांतचे हात बघत होते. तासाभराने बायकोची एक साडी ठरली आणि सरांचाही माणूस ठरला.

"तुमी कदी गोलकीपर व्हता का वो?" सरांनी विचारलं.

"दहावीपर्यंत होतो की. नंतर वडील गेले, दुकानाला लागलो. आधी चार वर्षं पोऱ्या, मग गादी."

"आता वय किती?"

"एकतीस."

सरांनी मिशीवरून हात फिरवला. "गोलकीपरला एकतीस म्हंजी म्हातारपण न्हाय. पर नव्यानं शिकायला म्हातारपणच हाय. तरी सकाळी साडेपाचला मैदानावर या."

सर 'होटगी रोड इलेव्हन' नावाच्या क्लबचे कोच होते. हा क्लब यंदा पहिल्यांदाच अशा एका लीगमध्ये उतरणार होता, जिथे खेळाडूला सामन्यामागे मानधन मिळतं, गाडीभाडं आणि जेवण क्लबचं, आणि सोमवारी सकाळी ज्याने त्याने आपापल्या कामावर हजर व्हायचं. कुणी नळ जोडायचा, कुणी रिक्षा चालवायचा, कुणी शिकवण्या घ्यायचा. पेपरवाले याला निमव्यावसायिक म्हणतात. सर म्हणायचे, "अर्ध्या पोटाचा फुटबॉल." यादीत गोलकीपर दोनच. एक अजिंक्य, एकवीस वर्षांचा, रबरासारखं अंग असलेला. त्याचं नाव पक्कं होतं. दुसरी जागा रिकामी होती आणि ती वीस डिसेंबरपर्यंत भरायची होती. ती जागा गुरुशांतला हवी होती.

किती हवी होती, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? दुकान त्याने निवडलं नव्हतं, वडील गेले म्हणून ते गळ्यात पडलं. लग्न मामाच्या मुलीशी व्हायचं हे तो सातवीत असतानाच ठरलेलं. बायको चांगली होती, तक्रार नव्हती, पण विचारलंही कुणी नव्हतं. आणि जत्रेतली काठी? ती तर रक्तातूनच आलेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे बघून "तुमी या" म्हटलं होतं.

आता काठीचं सांगायला हवं, नाही तर गुरुशांतचं अंग कसं घडलं होतं ते कळणार नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत नंदीध्वज निघतात. घराच्या वर डोकं काढणारी उंच, सजवलेली, जड काठी. कमरेला चामड्याचा पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या खोबणीत काठीचं बूड बसवायचं आणि ती उभी पेलत अनवाणी चालायचं. पांढरी बाराबंदी घातलेल्या माणसाला हे करताना लोक हात जोडतात, पण त्यामागे महिनोन्महिन्यांचा सराव असतो. दिवाळी सरली की संध्याकाळी गल्लीच्या मैदानात सरावाची साधी काठी निघते. गुरुशांत एकोणिसाव्या वर्षापासून काठी धरत होता. शिकवणारे त्याचे मामा, चन्नवीरमामा. आईचे भाऊ, आणि आता सासरेसुद्धा.

मामांची शिकवण एका वाक्याची होती. "नजर शेंड्यावर, पाय काठीखाली." शेंडा मागे कलला की मागे सरकायचं, डावीकडे कलला की डावीकडे. काठीला ओढायचं नाही, आपणच तिच्या खाली जायचं. आणि पडायचं नाही. पायात काटा जाऊ दे, मधमाशी चावू दे, माणूस उभाच राहिला पाहिजे. बारा वर्षांत गुरुशांत एकदाही गुडघ्यावरसुद्धा आला नव्हता. मामा चारचौघांत कौतुक करणारे नव्हते, पण नव्या माणसाला शिकवताना "गुरुशांतचे पाय बघ" एवढं म्हणायचे. गुरुशांतला ते पुरायचं.

अशा माणसाला शहाजी सरांनी गोलमध्ये उभं केलं, आणि पहिल्या पंधरा दिवसांत सर खूश झाले. उंच आलेला चेंडू गुरुशांत लीलया झेलायचा. अहो, गठ्ठ्याला निदान कोपरे असतात, चेंडू गोल. सर आता "अरे गुरुशांत" म्हणू लागले. मग आपसातला पहिला सामना झाला.

कॉर्नरवरून चेंडू उंच आला. गुरुशांतने मान वर केली. वाऱ्याने चेंडू जरा मागे ढकलला. गुरुशांतचे पाय आपोआप चेंडूखाली गेले. एक पाऊल मागे, दुसरं, तिसरं. सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याने चेंडू झकास झेलला, पोटाशी घट्ट धरला आणि पाय रोवून ताठ उभा राहिला. असा उभा राहिला की बघणाऱ्याने नमस्कार करावा. मैदान गप्प झालं होतं. त्याला वाटलं, कौतुकाने. मग मागची जाळी त्याच्या पाठीला लागली आणि त्याच्या ध्यानात आलं की तो चेंडू घेऊन गोलच्या आत उभा आहे.

अजिंक्य हसून हसून खाली बसला. रिक्षावाला सोनम तर लोळलाच. त्या दिवसापासून "या, आत या" असं म्हणून पोरं त्याची टर उडवायची. गुरुशांतही हसला. त्या दिवशी दुकानात मात्र त्याने एका बाईला जांभळी सांगितलेली असताना तीनदा हिरवी दाखवली.

सर हसले नाहीत. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "तू काठी धरतूस न्हवं?"

"हो."

"तरीच. आरं, हितं उलटं हाय समदं. तितं तू पडलास तर घात हाय. हितं तू पडला न्हाईस तर घात हाय. उंच बॉलचं मी बघून घीन, रेषेवर खूण करू. पर खालनं येणारा, कोपऱ्यातला बॉल उभ्यानं कसा धरशील? सोताला फेकून दे बाजूला. पड!"

पड म्हणणं सोपं. गुरुशांत पडेना. म्हणजे खाली जायचा तो, पण हप्त्या-हप्त्याने. आधी एक गुडघा, मग हात, मग कोपर, मग आजूबाजूला बघून बाकीचा. तोपर्यंत चेंडू जाळीत जाऊन विसावलेला असायचा. सरांनी वाळू टाकली, गादी आणली, शेवटी हातही टेकले. "पडायलास का झोपायलास रं?" ते ओरडायचे. गुरुशांतला लाज वाटायची आणि त्याहून भीती वाटायची. डोकं हुकूम द्यायचं, आणि बारा वर्षांचं शिकलेलं अंग तो ऐकायचंच नाही. आपल्याच शरीराने आपला शब्द मोडावा, याच्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. नोव्हेंबर उजाडला. वीस डिसेंबरला किती दिवस उरले हे तो साड्या मोजतानासुद्धा मोजू लागला.

घरी सिद्धेश्वरी सगळं बघत होती. ती घरी टॉवेलला शिलाई मारायचं काम करायची. दिवसभर मशीन चालू आणि तोंडही चालू, पण हल्ली नवरा घरात आला की मशीनचाच आवाज असायचा.

"अहो, जेवताना तरी बोला की," ती म्हणाली. "भाकरीकडं बघून काय मोजायलात?"

"पडता येईना मला."

"काय?"

"पडता येईना. एवढा मोठा झालो, मला पडता येईना."

दुसरी कुणी असती तर हसली असती. सिद्धेश्वरी चन्नवीरमामांची मुलगी होती. तिने बापाच्या हाताखाली माणसं घडताना लहानपणापासून पाहिली होती. ती उठली, उरलेल्या टॉवेलचे तुकडे घेतले आणि त्याच्या चड्डीला आतून खुब्यावर दोन्ही बाजूंनी जाड घड्या शिवून दिल्या. मग दोरा दाताने तोडत म्हणाली, "अप्पांना सांगितलंत का?"

त्याने चड्डीच्या घड्या चाचपून पाहिल्या.

"सांगा," ती म्हणाली. "दुसऱ्याकडनं कळलं तर मला माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

सांगतो म्हणाला आणि सांगितलं नाही. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, रोज संध्याकाळी मामांसमोर उभं राहिलं की तो काठी उचलायला धावायचा.

पडण्याचा गुंता सोडवला तो तिप्पण्णाने, आणि तोही स्वतःहून. एक दिवस दुकान बंद करताना त्याने माळ्यावरूनच विचारलं, "काय बे गुरू, तुझं तोंड का उतरलंय?" गुरुशांतने सांगितलं. तिप्पण्णाने चष्म्याची काडी दोऱ्यात नीट बसवली. मग म्हणाला, "उद्या नऊला ये. मालक दहाला येतात."

दुसऱ्या दिवशी तिप्पण्णा माळ्यावर चढला. खाली दुकानभर पांढरी गादी. त्याने नववारीचा एक गठ्ठा उचलला आणि तो गुरुशांतकडे न टाकता लांब डाव्या कोपऱ्यात फेकला. "झेल!"

"अरे, जरीचा माल आहे तो!"

"म्हणून तर झेल!"

आणि गुरुशांतचं अंग उडालं. त्याने ठरवलं नव्हतं. चेंडूसाठी जे होत नव्हतं ते जरीच्या गठ्ठ्यासाठी झालं, कारण अकरा वर्षांत गठ्ठा खाली पडलेला नव्हता आणि तो आजही पडू द्यायचा नव्हता. तो आडवा झाला, गादीवर आदळला, आणि गठ्ठा हातात होता. माळ्यावर तिप्पण्णाने आपल्याच मांडीवर थाप मारली. मग रोज नऊ ते पावणेदहा हे सुरू झालं. डावीकडे, उजवीकडे, खाली, कोपऱ्यात. गादीची चादर रोज चुरगळायची आणि दोघं मिळून ती ताणून घालायचे. मालकांना एकदा शंका आली. "चादर एवढी मळती कशी?" त्यांनी विचारलं. तिप्पण्णा म्हणाला, "गिऱ्हाईक वाढलंय मालक." मालक खूश झाले.

आठवड्यात मैदानावरही फरक दिसला. आता तो दहातल्या तीन चेंडूंना पडायचा, मग पाच. सर काही बोलत नव्हते, नुसते बघत होते, आणि सर बोलले नाहीत की गुरुशांतचा जीव जास्तच टांगणीला लागायचा. अंगावर निळे-काळे डाग उमटले होते. टॉवेलच्या घड्या असूनही उजवा खुबा सुजला होता.

आणि कमरेचा पट्टा नेमका खुब्यावरच बसतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरावाला मामांनी स्वतः त्याचा पट्टा आवळला. गुरुशांतच्या तोंडून आवाज निघाला. मामांचे हात थांबले.

"काय झालं?"

"काही नाही मामा. दुकानात शिडीवरनं पडलो."

मामांनी मान वर केली. सत्तरीचा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात, पण त्या नजरेपुढे गुरुशांतला उभं राहवेना. "पडलास?" ते हळू म्हणाले. "तू?"

खोटं पकडलं गेलं ते असं. दुसरा कुणी शिडीवरून पडला असता तर मामांनी हळद लावायला सांगितली असती. गुरुशांत पडणं शक्य नव्हतं, हे त्या मैदानात सगळ्यांना माहीत होतं. मग त्याने सगळं सांगितलं. सकाळचं मैदान, गोल, सर, तिप्पण्णा, गादी. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाजूला उभा असलेला मल्लप्पा, एस.टी.तला कंडक्टर आणि गुरुशांतनंतर काठी धरणारा, उगीचच दुसरीकडे बघायला लागला.

"मी ब्याड म्हणणार नाही," मामा म्हणाले. नको म्हणायचं झालं की त्यांच्या तोंडात कानडीच यायचं. "तुझं वय झालंय, तुझं तू बघ. पण एक सांगतो गुरू. अंगाला एकदा पडायची सवय लागली की काठी त्याला वळखत नाही. मी बघितलंय. माझ्या वेळेला एक जण कुस्तीत गेला, चांगला धरणारा. लई चांगला. परत आला तेव्हा काठीनं त्याला घेतलं नाही."

"माझं तसं होणार नाही, मामा."

"काठी सांगेल," मामा म्हणाले आणि त्यांनी पट्टा बांधला, या वेळी एक बोट सैल.

त्या संध्याकाळी काठी चांगली पेलली. पण मामांचे शब्द गुरुशांतच्या मनातून गेले नाहीत. सकाळी पडताना त्याला वाटायचं, संध्याकाळचं काहीतरी आपण इथे सांडतोय. संध्याकाळी ताठ उभं राहताना वाटायचं, सकाळी कमावलेलं घालवतोय. दोन्हीकडे तो अर्धाच जायला लागला. सिद्धेश्वरीला त्याने विचारलं, "मी काय करू?" ती मशीनवर वाकलेली होती. "मला विचारू नका," ती म्हणाली. "एकीकडं बाप, एकीकडं नवरा. मी काय पण बोलले तरी आयुष्यभर मीच ऐकीन." तिने बरोबरच सांगितलं. पण त्या दिवशी तिने टॉवेलच्या घड्या उसवून पुन्हा जाड शिवल्या, हेही खरं.

अठरा डिसेंबरला बार्शीच्या एका संघाबरोबर मैत्रीचा सामना होता. सरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "पहिला हाफ अजिंक्य, दुसरा तू. त्याच्यावरच ठरीवणार. न्हाय जमलं तर मी दुसरा माणूस बघून ठेवलाय." गुरुशांत सकाळपासून तीनदा संडासला जाऊन आला. तिप्पण्णा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता, रेषेबाहेर शेंगा खात बसला होता, आणि गुरुशांतला तो दिसला तेव्हा बरं वाटायच्या ऐवजी आणखी धडकी भरली.

पहिली वीस मिनिटं चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. हे सगळ्यांत वाईट. उभ्या उभ्या माणूस विचार करतो. मग एक उंच चेंडू आला, त्याने रेषेची खूण लक्षात ठेवून झेलला. मग एक सुटला. समोरून, जमिनीलगत, उजव्या कोपऱ्यात, आणि तो हप्त्या-हप्त्याने खाली गेला. गोल. एक-एक बरोबरी. रेषेबाहेर सर वहीत काहीतरी लिहीत होते. संपलं, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं.

शेवटच्या पाच मिनिटांत बार्शीचा एक उंच पोरगा सगळ्यांना चुकवत एकटाच आत आला. त्याने पाय उचलला. डावा कोपरा. रेषेबाहेरून तिप्पण्णा तोंडातल्या शेंगांसकट ओरडला, "जरी!"

गुरुशांत पडला. पूर्ण पडला. गुडघा नाही, कोपर नाही, अख्खा माणूस हवेत आडवा झाला आणि कडक मातीवर बरगडीवर आदळला. चेंडू त्याच्या हातात होता. छातीतला वारा गेला होता, डोळ्यांपुढे अंधारी आली होती, आणि आपण किती सहज पडलो याचाच त्याला आनंद झाला. उठावंसंच वाटेना. सोनमने त्याला हात देऊन उठवलं. या वेळी "आत या" कुणी म्हटलं नाही.

सामना संपल्यावर सरांनी भाषण केलं नाही. फॉर्म पुढे केला. "हितं सही कर. आन् आधार कार्डाची झेरॉक्स उद्या दे. येळ लावू नगस." गुरुशांतने सही केली. ग्लोव्हज न काढताच केली, म्हणून ती बँकेतल्या सहीशी जुळली नाही. तिप्पण्णाने त्याच्या ओंजळीत उरलेल्या शेंगा ओतल्या.

त्याच दिवशी सहाला काठीचा सराव होता. सिद्धेश्वरीने सांगितलं, आज जाऊ नका, अंग ठणकतंय. तो गेला. न जाणं म्हणजे मामांना उत्तर देण्यासारखं झालं असतं, आणि त्याला अजून मामांना खोटं पाडायचं होतं. दोन्ही जमतं हे दाखवायचं होतं. वाटेत त्याने ठरवलं, आधी काठी पेलायची, मग बातमी सांगायची.

मामांनी पट्टा बांधला. काठी खोबणीत बसली. चौघांनी हात सोडले. "हर्र बोला हर्र," कुणीतरी म्हणालं. गुरुशांतने नजर शेंड्यावर लावली आणि तो चालू लागला. दहा पावलं. वीस. मावळतीचा उजेड होता, शेंडा स्वच्छ दिसत होता. मग हलका वारा आला आणि शेंडा डावीकडे कलला. किंचित. असा हजार वेळा कलला असेल.

बारा वर्षं जे पाय डोळ्यांच्या आधी निघायचे ते निघाले नाहीत. त्यांच्याऐवजी गुडघा सैल झाला, खांदा खाली गेला, आणि त्याचं सगळं अंग डावीकडे आडवं व्हायला निघालं. अगदी दुपारच्या सामन्यातल्यासारखं, सहज. त्याला स्वतःला ते कळलं. काठीचं बूड खोबणीत फिरलं. मल्लप्पाने आणि आणखी तिघांनी झडप घालून ती धरली. काठी पडली नाही. कुणाला लागलं नाही.

मल्लप्पा म्हणाला, "दगड असंल पायाखाली." चांगला माणूस. खाली दगड नव्हता.

गुरुशांतने स्वतःच पट्ट्याचा बंद सोडला. मामांनी बांधलेला पट्टा त्याने आजवर कधी स्वतः सोडलेला नव्हता. तो त्याने दोन्ही हातांवर घेऊन मामांपुढे धरला.

मामांनी पट्टा घेतला. "नाव लागलं न्हवं तुझं?" त्यांनी विचारलं.

"हो. दुपारी."

"कुणी शिकवलं पडायला?"

"तिप्पण्णानं."

"चांगलं शिकवलंय," मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि टोमणा असता तर गुरुशांतला सोसायला सोपं गेलं असतं. मामांनी वळून पट्टा मल्लप्पाच्या कमरेला बांधला. बांधताना म्हणाले, "पाय काठीखाली." पुढे "गुरुशांतचे पाय बघ" म्हणायची त्यांची सवय, ते शब्द ओठांपर्यंत आले आणि त्यांनी ते गिळले. हे फक्त गुरुशांतने पाहिलं.

तो चपला शोधायला वळला.

"कुठं निघालास?" मामांनी हाक मारली. "डाव्या अंगाला उभा राहा. काठी सुटली तर झेलायला माणूस लागतो. तुझ्याइतकं लवकर कुणी जाणार नाही."

काठीच्या दोन्ही बाजूंनी हात वर करून चालणारी माणसं असतात. जत्रेत त्यांच्याकडे कुणी बघत नाही. गुरुशांत डावीकडे जाऊन उभा राहिला. बरगडी दुखत होती. त्याने हात वर केले, टाचा उचलल्या, गुडघे जरा वाकवले, सरांनी शिकवले होते तसे. मल्लप्पा चालू लागला. गुरुशांत त्याच्याबरोबर तिरका तिरका चालू लागला, नजर शेंड्यावर. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पण पुसायला हात खाली घेता येत नव्हता.